घरची फेरी

बालाजी,

तू गेल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं ते ऐकून तू हसशील. यादी केली. दवाखान्याचे कागद, चाकूरला फोन, तुझ्या मंगलच्या भावाला निरोप, गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांना कळवणं, पाण्याचा जार बंद करणं. एकेक काम झालं की त्यावर रेघ. रडणं यादीत लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते राहून गेलं. ते आलं पुढच्या आठवड्यात, स्पेअर पार्टच्या दुकानात, ब्रेक लायनरचा खोका हातात असताना. दुकानदाराला वाटलं, मी भाव ऐकून रडतेय. त्याने लगेच भाव उतरवला. तू असतास तर म्हणाला असतास, "ताई, दर येळंला असंच करत जावा."

गॅरेजवाल्यांच्या मंडळाने सांगितलं, बालाजीबद्दल चार शब्द लिहून द्या. जन्म, गाव, शिक्षण, मनमिळाऊ स्वभाव. ते मी लिहिणार नाही. तुझं गाव चाकूरकडच्यांना माहीत आहे, आणि मनमिळाऊ तू मुळीच नव्हतास. एखाद्या गोष्टीवर अडलास की शीळ घालायचास आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पाना पुसत बसायचास. ती शीळ ऐकली की मला कळायचं, आता ब्रह्मदेव आला तरी हा ऐकणार नाही.

आपला एक वाद अर्धा राहिला. तो पुरा करायला मी हे लिहिते आहे. माणूस कामाला लायक झाला, हे कुणी ठरवायचं आणि कसं, एवढाच तो वाद. पण आपण तो भागीदारी सुरू केली त्या दिवसापासून घातला.

पहिल्याच दिवशी मी माझं आयटीआयचं प्रमाणपत्र काच लावून टेबलामागच्या भिंतीवर टांगलं. मोटार मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. वडील रेल्वेत खलाशी. त्यांनी ते प्रमाणपत्र शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवलं होतं, त्यामुळे त्याची एक घडी फाटायला आली होती. तू खिळा ठोकून दिलास, दोन पावलं मागे जाऊन बघितलंस आणि म्हणालास, "फोटू तेवढा चांगला न्हाई आला तुमचा."

मी विचारलं, "तुझं सर्टिफिकेट?"

"हाय की."

"कुठंय?"

"वारलं."

मला वाटलं चेष्टा करतोयस. मग तू सांगितलंस. लातूरच्या ज्या उस्तादाकडे तू शिकलास, त्याच्याकडे एक रीत होती. ब्रेकचं काम ज्याच्या हातचं, गाडीची पहिली फेरी त्याने मारायची, आणि मागच्या सीटवर घरचं माणूस बसवायचं. घरचं माणूस बसवून ती गाडी थांबवून दाखवल्याशिवाय मालकाच्या हातात किल्ली द्यायची नाही. तुझं पहिलं पूर्ण काम झालं, तेव्हा तुझं कुणी लातुरात नव्हतं. उस्तादाने घरात आवाज दिला आणि स्वतःच्या आईला आणून मागे बसवलं.

"म्हातारी लई खुश. तिला वाटलं अंबाजोगाईलाच निघालो. मी थांबवली गाडी, परत आनली, तर उतरंना. तेच माझं सर्टिफिकेट, ताई. म्हातारी पुढच्या साली वारली."

मी म्हणाले, "वारलेलं सर्टिफिकेट फाइलला लावता येत नाही." तू शीळ घातलीस.

अशी आपली वाटणी ठरली. प्रत्येक गाडीच्या कार्डावर दोन रकाने: काम केलं, तपासलं. पहिल्यात तुझं नाव, दुसऱ्यात माझं. सुरुवातीला मीही गाडीखाली जात होते. काम वाढलं तसं टेबल वाढलं, बिलं, विमा, फोन, आणि मी हळूहळू वर आले. एकच काम मी शेवटपर्यंत सोडलं नाही. ब्रेकची हवा काढताना पेडलवर पाय माझा.

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोघं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी छोटी निपल उघडून बुडबुडे आणि तेल जाऊ द्यायचं, निपल बंद करायची, मग पेडल सोडायचं. वरच्याने घाई केली की हवा परत आत. एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज. "दाबा." "धरा." "सोडा." इतकी वर्षं आपण तेच तीन शब्द बोललो. माझ्या घरी माझ्याशी कुणी इतकं नेमाने बोललेलं नाही. आणि पाय जरा लवकर सुटला की खालून तुझा आवाज, "ताई, पाय हाय का पापड?"

मग फेरी. तू आणि मंगल गॅरेजच्या मागच्या खोल्यांत राहायचात, म्हणून तू नुसती हाक मारायचास. मंगल कधी पिठाच्या हाताने यायची, कधी मेथीची जुडी घेऊन. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून ती भाजी निवडत पाण्याच्या टाकीपर्यंत जायची, टाकीच्या उतारावर तू ब्रेक मारायचास, वळायचास, सपाटीवर परत एकदा मारायचास आणि फाटकातून आत येताना एकच शब्द म्हणायचास.

"सरळ."

म्हणजे गाडी डावीउजवीकडे ओढली नाही, जिथे थांबवायची तिथे सरळ थांबली. तो शब्द ऐकून मी दुसऱ्या रकान्यात सही करायचे.

मला ही रीत आवडायची नाही, हे मी तुला दर महिन्याला सांगितलं. ब्रेक लागतो की नाही हेच बघायला निघायचं आणि बायकोला मागे बसवायचं, हा कुठला शहाणपणा? आधी फाटकाच्या आत, एकट्याने, हळू. ब्रेक धरला की मग रस्ता.

"लागला न्हाई तर काय, ह्या भेवानंच तर हात चुकत न्हाई," तू म्हणायचास.

"भीतीवर काम चालत नाही, बालाजी. क्रम लागतो."

"मग क्रम तुमी ठिवा. भेव मी ठिवतो."

एकदा मी मंगललाच विचारलं. ती म्हणाली, "मला कुनी इचारलं का आजवर? मला तर वाटायलं, गाडीत फिरवायचा शौक हाय म्हनून बसवतेत." त्यावर तू दिवसभर एकच पाना पुसत होतास.

किनवटच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहाची बस तुझी लाडकी. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी ती आपल्याकडे यायची. तिकडच्या जंगलातल्या रस्त्याला उतार आणि वळणं, गाडीत पाड्यांवरची पोरं. तिचं काम तू दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. या वर्षी संस्थेने नवी अट घातली. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम करणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. तपासणाऱ्याकडेही हवं. आणि ही दोन माणसं वेगळी हवीत. माझ्या एकटीच्या काचेतल्या प्रमाणपत्रावर आता दोघांचं भागणार नव्हतं.

मी अट वाचून दाखवली. मला वाटलं, शीळ येणार. तू विचारलंस, "परीक्षा कुठं असती?"

अनुभवावरून प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना आहे, हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं होतं. तू कधी कान दिला नव्हतास. आता त्या बससाठी तू एका मिनिटात तयार झालास. मी फॉर्म भरला, तुला उजळणीसाठी कागद काढून दिले, आणि भिंतीवरची माझी कामाच्या नियमांची जुनी यादी मोठ्या अक्षरांत परत लिहिली. पहिली ओळ तीच: जॅकवर गाडी उचलली की आधी घोडी लावा, मगच खाली जा. घोडी म्हणजे आपला लोखंडी आधार. जॅक सुटला तर गाडी तिच्यावर बसते, माणसावर नाही.

"हे तर मला पाठ हाय," तू म्हणालास.

लातूरच्या त्या केंद्रात मी जाळीच्या बाहेर उभी होते, म्हणून मी सगळं पाहिलं. लेखी तू बरं केलंस. नट आवळताना हातात दिलेला, जोर मोजून दाखवणारा पाना तू आधी संशयाने पाहिलास, मग नीट वापरलास. शेवटचं काम, गाडी उचलून मागच्या ब्रेकची नळी तपासणं. तुझ्या शेजारच्या गाडीपाशी उदगीरचे मेहबूबचाचा होते. आयुष्य ट्रकच्या कामात गेलेलं, पण परीक्षेच्या नावाने गोंधळलेले. त्यांना मिळालेल्या घोडीची उंची धरणारी पिन गायब होती. ते इकडेतिकडे बघत होते आणि वेळ चालला होता. तू आपली घोडी पायाने त्यांच्याकडे सरकवलीस. "चाचा, ही घ्या." आणि स्वतः नुसत्या जॅकवर गाडीखाली गेलास.

परीक्षकाने तिथेच तुझं नाव खोडलं.

तो चष्मेवाला शांत माणूस होता. मी जाळीतून बोलायला सुरुवात केली तेव्हा त्याने मला हाताने थांबवलं आणि तुझ्याशीच बोलला. "त्यांना घोडी दिली ते चांगलं केलं. पण दिल्यावर तुम्ही खाली जायचं नव्हतं. हात वर करून थांबायचं होतं. मी दुसरी आणून दिली असती."

तू म्हणालास, "हाव साहेब," आणि हात पुसलेस.

परतीच्या रस्त्यावर जीप तू चालवत होतास आणि मी मनात अर्ज लिहीत होते. केंद्रावर साहित्य कमी होतं, हा मुद्दा एक. शेजारच्याच्या घोडीला पिन नव्हती, ही केंद्राची जबाबदारी, हा मुद्दा दोन. तुझा इतक्या वर्षांचा अनुभव, हा मुद्दा तीन. चाकूर मागे पडलं. आईला भेटायचं का म्हणून मी विचारलं तर तू मानेनेच नको म्हणालास. अहमदपूरही गेलं. मग तू बोललास.

"ताई, अर्जबिर्ज काही करू नगा."

"का? चूक त्यांचीही आहे."

"असंल. पर त्याचं बराबर हाय. थांबायला पायजे होतं." थोडं पुढे जाऊन म्हणालास, "जॅक सुटला असता तर मंगलला सांगायला कोन गेलं असतं? तुमीच ना?"

तू पुढे म्हणालास, "लई काम केलं की थांबायची सवयच जाती."

त्या वेळी मला तुला सांगायचं होतं की नापास होऊन तू जेवढा शहाणपणा दाखवलास तेवढा मी पास होऊन दाखवला नव्हता. ते जीपमध्ये म्हणायला जमलं नाही. मी म्हणाले, "पुढच्या वेळी पहिली ओळ वाच." तू हसलास. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी आले तर तू गॅरेजमधल्या सगळ्या घोड्या बाहेर काढून त्यांना लाल रंग देत होतास. फरशीवर रंग, तुझ्या कोपरावर रंग. मंगल ओरडत होती, "अंगनवाडी रंगवायलाव का गॅरेज?" पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी त्याच दिवशी भरला.

ती परीक्षा आली नाही. मे महिन्यात पुतण्याच्या लग्नाला गावी गेलास, मांडवात छातीत दुखायला लागलं, आणि गाडी लातूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही.

तेराव्याला मी चाकूरला आले होते. तिथे मेहबूबचाचा भेटले. एसटीने आले होते, टोपी हातात धरून मांडवाच्या कडेला बसलेले. मी ओळख दिली तर म्हणाले, "त्या दिवशी मी पास झालो, बेटी. त्यांच्या घोडीवर. सांगायला यायचं होतं, तर असं यावं लागलं."

जूनच्या तोंडावर किनवटहून वसतिगृहाच्या अधीक्षकांचा फोन आला. चांगला माणूस. आधी तुझ्याबद्दल बोलला, मग अडखळत विचारलं, "ताई, बसचं कसं करू? नाही म्हणजे, तुमची अडचण समजतो. दुसरीकडे पाठवू का?"

आपल्याकडे उरलेले दोघं इंजिन आणि वायरिंग बघतात. ब्रेकला हात लावणारा तू एकटा होतास. नाही म्हटलं असतं तर कुणी बोल लावला नसता. पण या बसला नाही म्हटलं असतं, तर पुढच्या गाडीलाही तेच, आणि वर्षभरात आपल्या फाटकावर नुसती पंक्चरची पाटी राहिली असती. मंगल मागच्या खोल्यांत राहणार की भावाकडे जाणार, तेही यावरच होतं. गॅरेज चाललं तर तिचा तुझ्या जागी भागीदारीचा हक्क आहे, बंद पडलं तर नुसती सहानुभूती.

"पाठवा," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि यादी केली. मला काय येतं, काय येत नाही. चाकाचा ड्रम उघडून आतली लायनरची पट्टी बदलणं येतं, पण बरीच वर्षं केलेलं नाही. नळ्या, सिलिंडर, सील ओळखता येतात. हवा काढायला दुसरा पाय लागेल. तपासायला प्रमाणपत्रवाला दुसरा माणूस लागेल. येत नाही असं मोठं काही निघालं नाही. हात गंजलेत, एवढंच. गंजलेल्या गोष्टीचं काय करायचं हे गॅरेजवाल्याला कुणी शिकवायची गरज नसते. बस यायच्या आधी मी आपली जुनी जीप उचलली आणि तिचे चारही ड्रम दोनदा उघडून लावले. दुसऱ्या खेपेला मनगटाला आठवलं.

मेहबूबचाचांना फोन केला. "तपासायला याल का?"

"येतो. पर एक शर्त. मला काही कमी दिसलं तर सही करणार नाही. रोनाधोना नको."

"मला हेच हवंय," मी म्हणाले.

बस आली. ड्रायव्हरला त्याच दिवशी परत निघायचं होतं, त्याने ते फाटकातच सांगितलं. मी जॅक लावला, लाल घोड्या लावल्या, कपडे बदलले आणि खाली गेले. तू वर्षानुवर्षं कुठल्या जगात राहत होतास ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. वरून फक्त तुझे पाय दिसायचे. खालून बसचा सगळा हिशोब दिसतो, कुठे दगड लागला, कुठे गेल्या वर्षी तू तार बांधलीस. तुझ्या गाठी ओळखू येतात. तू तारेचं टोक नेहमी आत वळवायचास, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. हे मला कधी माहीतच नव्हतं.

हवा काढायची वेळ आली तेव्हा मी वायरिंगवाल्याला हाक मारणार होते. तेवढ्यात मंगल बाहेर आली. पदर खोचून सीटवर चढून बसली.

"कोनता दाबायचा?"

"मधला."

मी खाली निपलपाशी. "दाब." "धर." "सोड." मी हे तीन शब्द इतकी वर्षं ऐकले होते, माझ्या तोंडून निघाल्यावर ते मलाच परके वाटले. तिसऱ्या चाकाला तिचा पाय आधीच सुटला आणि हवा परत आत गेली. मी निपल बंद केली. ती वरून म्हणाली, "चुकलं ना? ते असते तर काय म्हनले असते?"

"पाय हाय का पापड."

मग ती हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी खाली निपल धरून पडलेली आणि ती वर हसतेय, आणि मग ती हसत नव्हती, आणि मी थांबले. घाई नव्हती. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "दाबू का?"

चाचा दुपारी आले. आल्याआल्या नमस्कार नाही, चहा नाही. वाकून गाडीखाली बघितलं आणि विचारलं, "घोड्या सगळ्या लावल्या?" मग लाल रंगावरून एकदा हात फिरवला. प्रत्येक चाक त्यांनी हाताने फिरवून पाहिलं. मागच्या उजव्यापाशी थांबले, परत फिरवलं, कान लावला.

"हे घासतंय. ढिलं करावं लागेल. ड्रम उतरवा."

ड्रायव्हर मधेच म्हणाला, "चाचा, इतकं तर रस्त्यावर आपोआप बसतंय. लायनर नवीन हाय. मला निघू द्या, साहेब वाट बघायलेत."

चाचा माझ्याकडे बघू लागले. सही त्यांची होती, पण काम माझं होतं, हे त्यांना नीट ठाऊक होतं. मी खरं सांगते, बालाजी, एक क्षण मलाही वाटलं की त्याचं बरोबर आहे. नवीन लायनर थोडं घासतंच. ऊन उतरत होतं, पाठ मोडली होती, आणि अधीक्षकांना मी शब्द दिला होता.

मी त्यांना फोन लावला. "बस उद्या निघेल."

"ताई, काही मोठं आहे का?"

"मोठं नाही. पण झालेलं नाही."

ड्रायव्हरची झोपायची सोय केली. तो पुटपुटत राहिला, "बालाजीभाऊ असते तर आतापर्यंत भोकर गाठलं असतं." मंगलने त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "ते असते तर आज ते बी थांबले असते. जेवा."

सकाळी ड्रम उतरवला, पट्टी ढिली केली, परत बसवला. चाक हाताने मोकळं फिरलं. चाचांनी कान लावला, मान हलवली, पण पेन खिशातच ठेवलं. "फेरी?"

मी सीटवर बसले. आधी फाटकाच्या आत, एकटी, हळू. ब्रेक मारला. पेडल टणक, गाडी जागच्या जागी. परत एकदा. मग फाटकापाशी आणून उभी केली. माझा क्रम पुरा झाला होता.

मागचं दार उघडलं. मंगल चढली आणि नेहमीच्या सीटवर, माझ्या मागे, येऊन बसली. मांडीवर शेवग्याच्या शेंगा.

"मंगल, ही फेरी माझ्या हातची आहे," मी म्हणाले. "तू बसायची गरज नाही. रीत त्याची होती. ज्याचं काम, त्याच्या घरचं माणूस."

"मग?" ती म्हणाली. "तुमच्या घरचं दुसरं कोन हाय हितं?"

मी गाडी काढली. बालाजी, तू म्हणायचास ते खरं आहे. ती मागे बसल्यावर पाय वेगळा पडतो. फाटकाच्या आत जे मी तपासलं होतं, तेच मी रस्त्यावर निघायच्या आधी मनात परत एकदा तपासलं, चारही चाकं, एकेक नट, ती उजव्या बाजूची पट्टी. मी क्रम सोडणार नाही, आधी एकट्याने, मग घरचं माणूस, हे माझं आता कायमचं. तेवढं तू मान्य कर. तुझं भेवाचं मी मान्य करते.

टाकीच्या उतारावर मी ब्रेक मारला. शेवग्याच्या दोन शेंगा पुढे घरंगळत आल्या.

"ते अशी दचका देऊन थांबवत नव्हते," मंगल मागून म्हणाली.

"शिकेन."

"शिका. मला घाई न्हाई."

वळून सपाटीवर आणखी एकदा मारला. या वेळी शेंगा जागच्या हलल्या नाहीत. आम्ही फाटकातून आत आलो. चाचा कार्ड घेऊन उभे होते, बोट दुसऱ्या रकान्यावर. ड्रायव्हर पिशवी खांद्याला लावून तयार. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि इतकी वर्षं तो शब्द ऐकणारी मी होते, म्हणणारी नव्हे. मी गाडी बंद केली, खाली उतरले आणि म्हणाले.

"सरळ."